'डोप' म्हणजे नशा, मूर्ख, आतली बातमी की एकदम भारी? कुठे काय घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजी सिरीजची मराठी सबटायटल्स करायचं काम नुकतंच हातात घेतलंय, त्यात 'डोप' हा शब्द सारखा येतोय, डिक्शनरीत बघितलं तर अंमली पदार्थ, मूर्ख माणूस, आतली माहिती, वार्निश आणि वर 'मस्त' सुद्धा, तर एका शब्दाला इतके अर्थ आले कुठून आणि समोरच्या वाक्यात नेमका कुठला आहे ते ओळखायचं कसं.

सबटायटल आणि डबिंगच्या स्क्रिप्ट लिहिणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि नवीन मुलांच्या स्क्रिप्ट तपासायचं कामही माझ्याकडे येतं, त्यामुळे हा शब्द किती जणांना चकवतो ते मला चांगलं माहितीये. सविस्तरच लिहितो, कारण हा एक शब्द नीट कळला की बाकीच्या स्लँगकडे बघायची नजर पण येते.

आधी कामाचं सांगतो. अर्थ शोधत बसायच्या आधी त्या शब्दाच्या डावीकडे काय आहे ते बघा. 'अ' आहे, 'द' आहे, की काहीच नाही. आपल्या मराठीत आर्टिकल ही भानगडच नाही, त्यामुळे आपल्या कानाला ती ऐकूच येत नाहीत, आपण 'अ डोप', 'द डोप' आणि नुसतं 'डोप' हे सगळं एकच ऐकतो आणि जो अर्थ आधीपासून डोक्यात बसलेला असतो, म्हणजे नशा, तो चिकटवून पुढे जातो. इंग्रजी बोलणाऱ्यासाठी मात्र हे जवळपास तीन वेगवेगळे शब्द आहेत.

नुसतं 'डोप', मागे काही नाही किंवा मागे 'सम' आहे, तर तो पदार्थ. 'ही सेल्स डोप', 'ही वॉज ऑन डोप'. इथे नशा बरोबर. 'अ डोप' किंवा अनेकवचनी 'डोप्स' किंवा समोरच्याला उद्देशून 'यू डोप' असेल तर माणूस, मूर्ख माणूस. पदार्थ मोजता येत नाही, माणूस मोजता येतो, एवढं साधं आहे. आणि 'द डोप' असेल, त्यातही पुढे 'ऑन' आलं, 'व्हॉट्स द डोप ऑन धिस गाय', किंवा मागे 'इनसाइड' नाहीतर 'स्ट्रेट' लागलं, तर ती माहिती, आतली खबर. एक अडचण इथे आहे ती सांगून ठेवतो, आधीच्या सीनमध्ये मालाची पिशवी दाखवलेली असेल आणि आता कोणी 'व्हेअर्स द डोप' विचारत असेल तर तो त्या पिशवीबद्दलच विचारतोय, तिथे 'द' बघून खबर लिहू नका. आर्टिकल बघायचं ते सीनसकट बघायचं.

राहिलं विशेषण. 'धिस इज डोप', 'दॅट्स सो डोप'. इथे मागे 'सो' किंवा 'प्रिटी' लावून बघायचं, वाक्य चाललं तर अर्थ भारी, मस्त, कडक. 'डोप बीट' ला 'सो डोप' चालतं म्हणून तो भारी बीट, 'डोप डीलर' ला चालत नाही म्हणून तो माल विकणारा. ही परीक्षा मी प्रत्येक नवीन माणसाला पहिल्या दिवशी देतो.

एक उदाहरण सांगतो. चाळीसच्या दशकातला अमेरिकन पेपरच्या ऑफिसातला सीन होता, संपादक टेबलावर हात आपटून बातमीदाराला म्हणतो, 'आय वाँट द स्ट्रेट डोप, अँड आय वाँट इट बाय सिक्स'. तपासायला आलेल्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं होतं, 'मला सहा वाजेपर्यंत शुद्ध माल पाहिजे'. लिहिणारा हुशार होता, इंग्रजी पण चांगलं होतं, पण त्याच्या डोक्यात डोपचा एकच अर्थ होता आणि त्या एका ओळीने बिचारा सज्जन संपादक अट्टल नशेबाज झाला. आम्ही शेवटी केलं ते असं, 'मला खरी बातमी हवी, सहाच्या आत'. पडद्यावर दोन ओळींच्या वर जागा मिळत नाही, माणूस वाचेपर्यंत सीन बदलतो, त्यामुळे शब्द छोटा आणि पहिल्या झटक्यात कळणारा असावा लागतो. 'विश्वसनीय गोटातील माहिती' वगैरे पेपरात बरं दिसतं, सबटायटलमध्ये नाही.

आता हे सगळं आलं कुठून. हे माहिती असलं की पाठांतर करावं लागत नाही, अर्थ आपोआप लक्षात राहतात.

मूळ शब्द डच आहे, 'डोप' असाच काहीसा उच्चार, अर्थ बुडवून खायचा दाटसर रस्सा, सॉस. डचमध्ये बुडवणे या क्रियापदापासून तो आला, आणि त्याच क्रियापदापासून त्यांच्याकडे बाप्तिस्म्यालाही शब्द आहे, कारण तिथेही पाण्यात बुडवणंच. न्यूयॉर्क हे आधी डचांचं न्यू ॲमस्टरडॅम होतं, १६६४ मध्ये इंग्रजांनी ते घेतलं, पण तिथल्या डच घरांमधले खाण्यापिण्याचे आणि कामाचे शब्द अमेरिकन इंग्रजीत राहिले. 'कुकी' हा त्यातलाच, 'कोलस्लॉ' त्यातलाच, आणि ऑफिसातला 'बॉस' सुद्धा त्यातलाच. १९व्या शतकाच्या सुरुवातीला डोप अमेरिकेत लिहिलेला सापडतो तो याच अर्थाने, वाटीतला रस्सा म्हणून. नशेशी काडीचा संबंध नाही.

मग रश्श्यावरून तो कुठल्याही दाट, चिकट गोष्टीला लागू झाला. गाडीच्या कण्याला लावायचं वंगण, बुटाला चोपडायचं तेल, पाइपच्या आट्यांना लावायची लुकण, सगळं डोप. अमेरिकन प्लंबर आजही पाइपच्या जोडाला लावायच्या लेपाला 'पाइप डोप' म्हणतो, आपला प्लंबर जिथे धागा गुंडाळून सफेदा लावतो ना, तेच काम. त्यामुळे घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात हा शब्द आला तर दचकू नका, 'सफेदा' लिहा, मराठी प्रेक्षकाला लगेच कळतं. ओहायोच्या काही भागात आईस्क्रीमवर ओतायच्या सॉसला पण डोप म्हणायचे, म्हणजे शब्द फिरून परत वाटीत आला.

याच दाट चिकट अर्थावरून नशा आली. १९व्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रेल्वेच्या आणि खाणीच्या कामाला आलेल्या चिनी मजुरांबरोबर अफू ओढायची पद्धत आली. ओढायची अफू म्हणजे आपल्याकडची गोळी नव्हे, ती कढवून काकवीसारखी दाट केलेली असते, त्यातला थेंब सुईच्या टोकावर घ्यायचा, दिव्यावर धरून फुलवायचा आणि मग चिलमीत ठेवायचा. आपल्याकडे याला चंडू म्हणायचे, आणि जिथे ती ओढत पडायचे तो चंडूखाना, 'चंडूखान्यातल्या गप्पा' हा वाक्प्रचार तिथूनच आलाय. मुंबई बंदरातून माळव्याची अफू चीनला जात होती तो हाच काळ, म्हणजे या शब्दाच्या गोष्टीत आपला किनारा पण कुठेतरी आहेच. सॅन फ्रान्सिस्कोने १८७५ मध्ये अफूचे अड्डे बंद करायचा नियम केला. त्या दाट काळ्या लेपाला डोप म्हणणं १८८० नंतर रूढ झालं, आणि तिथून मग मॉर्फिन, कोकेन, हेरॉइन, गांजा, जे जे येईल त्याला तेच नाव लागत गेलं.

इथे भाषांतर करणाऱ्याने खरोखर थांबून विचार करायचा असतो, कारण 'डोप' म्हणजे कुठली नशा हे काळ आणि गाव बघून ठरतं. १९२०च्या आसपासची गोष्ट असेल तर अफू, मॉर्फिन नाहीतर कोकेन. साठ-सत्तरच्या दशकातली कॉलेजची पोरं असतील तर नव्वद टक्के गांजा, ब्रिटनमध्येही गांजा-चरसच. पण न्यूयॉर्क किंवा बाल्टिमोरच्या गल्लीतली आजची गोष्ट असेल तर हेरॉइन, आणि तिथे गांजा लिहिलात तर सगळा सीनच खोटा पडतो, कारण 'डोपसिक' हा जो शब्द येतो तो हेरॉइन मिळालं नाही की अंग मोडून येतं, उलट्या होतात, थंडी वाजते, त्या हालतीसाठी आहे, गांजावाल्याला तसलं काही होत नाही. आणि आपल्याकडे यासाठी किती नेमके शब्द आहेत बघा. हेरॉइनसाठी मुंबईच्या मराठीत ऐंशीच्या दशकापासून 'गर्द' आहे, ओढणारा तो 'गर्दुल्ला'. कुर्ल्याच्या पुलाखाली काय चालतं हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला 'गर्द' म्हटलं की 'अंमली पदार्थ' पेक्षा दहापट जास्त कळतं. गांजासाठी 'गांजा', पोरांच्या तोंडी 'माल'. 'अंमली पदार्थ' हा शब्द पोलिसांच्या प्रेस नोटसाठी ठेवा, कोपऱ्यावर उभं राहून विकणारं पोरगं असं बोलत नाही. पुण्या-मुंबईच्या कॉलेजात 'डोप' स्वतःच गांजाला म्हणतात हे खरंय, त्यामुळे शहरी पोरांसाठीची सिरीज असेल तर तसाच ठेवलात तरी चालतो, पण मग पुढच्या सीनमध्ये तोच शब्द 'भारी' या अर्थाने आला की प्रेक्षक गोंधळणार, हे डोक्यात ठेवून ठरवा.

नशेवरून पुढे शब्द गेला रेसकोर्सवर, आणि माझ्या मते या शब्दाचं सगळ्यात मजेदार वळण हेच आहे. १९वं शतक संपता संपता अमेरिकन ट्रेनर शर्यतीच्या घोड्यांना कोकेन वगैरे द्यायला लागले, काही जण ही विद्या घेऊन इंग्लंडला गेले, तिथे आदल्या शर्यतीत मागे पडलेले घोडे अचानक जिंकायला लागले, शेवटी १९०३ मध्ये तिथल्या जॉकी क्लबने यावर बंदी घातली. घोड्याला दिलेलं औषध ते डोप. आता विचार करा, पैसे लावणाऱ्याला सगळ्यात मोलाची माहिती कुठली, तर आज कुठल्या घोड्याला काय दिलंय. ज्याला हे माहिती त्याच्याकडे 'डोप' आहे. असा तो पदार्थावरून बातमीवर घसरला असावा असं शब्दकोशवाले मानतात, १९०१ पासून तो खबर या अर्थाने लिहिलेला सापडतो. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सला कोणी कानाशी लागून 'आतली टिप' देतो ना, तीच ही चीज.

आणि म्हणून बातमीच्या अर्थाने डोप आला की त्यात थोडा कुजबुजीचा वास असतो, ती नुसती माहिती नसते. 'गेट मी द डोप ऑन हिम' चं भाषांतर 'त्याच्याबद्दल माहिती मिळव' असं केलं तर चुकत काहीच नाही, पण जीव जातो. 'त्याची कुंडली काढ' म्हटलं की जिवंत होतं. 'हिअर्स द डोप' ला 'आतली बातमी सांगतो' किंवा नुसतं 'ऐक, खबर आहे'. 'डोप आउट' हे क्रियापद असेल तर अंदाज बांधणं, छडा लावणं. 'डोप शीट' म्हणजे मुळात घोड्यांच्या टिपांचा कागद, आपल्याकडे रेसवाल्यांच्या हातात जे छापील पुस्तक असतं त्यातला प्रकार.

ही 'डोप शीट' पुढे कुठे पोचली बघा. ॲनिमेशनवाल्यांकडे आजही डोप शीट असते, मोठा तक्ता, प्रत्येक फ्रेमला एक ओळ, सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे २४ ओळी, एका कॉलममध्ये हालचाल, एकात संवादाचा कुठला आवाज कुठल्या फ्रेमला, एकात कुठलं चित्र वर कुठलं खाली, एकात कॅमेऱ्याच्या सूचना. आम्हा डबिंगवाल्यांना हा कागद मिळाला की दिवाळी, कारण पात्राचं तोंड नेमकं कितव्या फ्रेमला मिटतंय ते तिथे लिहिलेलं असतं. आणि न्यूज चॅनेलचा कॅमेरामन फुटेजबरोबर जो कागद पाठवतो, कुठला शॉट कुठे घेतला, त्यात कोण आहे, कोणाचा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, आहे, त्यालाही डोप शीटच म्हणतात, आपल्याकडे मास कम्युनिकेशन करणारी पोरंही हाच शब्द शिकतात. डॉक्युमेंटरीत हा शब्द आला तर 'शॉटची यादी' लिहा.

मूर्ख माणूस हा अर्थ मात्र नशेच्या आधीचा आहे, १८५१ च्या सुमाराचा, आणि बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं, की नशेत झिंगलेला तो डोप म्हणून मूर्ख. तसं नाहीये, नशेचा अर्थ येण्याच्या तीसेक वर्षं आधी मूर्ख होताच, बहुतेक दाट डोक्याचा, म्हणजे आपण मठ्ठ म्हणतो तसा. १९३७ च्या डिस्नेच्या स्नो व्हाइटमधला डोपी हा बुटका सगळ्यांना माहितीये, एकही शब्द न बोलणारा, मोठ्या कानांचा, भाबडा. तो डोळ्यासमोर आणला की या शब्दाचा सूर कळतो. 'यू डोप' मध्ये विष नाहीये. त्याला 'मूर्खा' किंवा 'नालायका' केलंत तर भांडण लागतं. मैत्रीण मित्राला म्हणत असेल तर 'येड्या', आई मुलाला म्हणत असेल तर 'वेडा कुठला', गँगस्टर आपल्या हाताखालच्याला म्हणत असेल तर 'ठोंब्या'. आणि अमेरिकेत 'डोप स्लॅप' म्हणून एक प्रकार आहे, चूक केलेल्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला हलकेच हाणायची, त्याला आपल्याकडे शब्द तयार आहे, टपली. 'मूर्खपणाची चापट' असं मी लिहिलेलं बघितलंय, फार वाईट वाटलं, टपली हा शब्द जवळ असताना.

वार्निशचा अर्थ विमानांचा. पहिल्या महायुद्धातली विमानं म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेलं लिननचं कापड, त्या कापडावर सेल्युलोजचं एक द्रावण ब्रशने चोपडायचे, ते वाळलं की कापड आकसून ढोलकीच्या पानासारखं ताठ व्हायचं आणि त्यातून हवा-पाणी जायचं नाही. त्या द्रावणाला डोप म्हणायचे, दाट चिकट या जुन्या अर्थानेच. ज्या खोलीत हे काम चालायचं तिथे बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यात टेट्राक्लोरोइथेन नावाचं द्रावक असायचं त्याने ब्रिटनमधल्या कामगारांना कावीळ झाली, काही मेले सुद्धा, मग ते द्रावक बदललं. युद्धावरच्या डॉक्युमेंटरीत 'डोप पॉयझनिंग' असं आलं तर ते हे, त्याला 'नशेमुळे विषबाधा' लिहिणं हा त्या बायकांवर अन्याय आहे. 'वार्निशच्या वाफांची विषबाधा' असं सरळ लिहा.

सेमीकंडक्टरमधलं डोपिंग बारावीला फिजिक्स घेतलेल्या सगळ्यांना माहितीये, शुद्ध सिलिकॉनमध्ये फॉस्फरस किंवा बोरॉनचे अगदी थोडे अणू मिसळायचे, दहा लाखांत एखाद-दोन एवढे, आणि त्याची वीज वाहून नेण्याची ताकद कितीतरी पट वाढते. शुद्ध गोष्टीत काहीतरी मिसळणं हा त्यातला धागा. तो शब्द आहे तसाच ठेवायचा.

खेळातलं डोपिंग रेसकोर्सवरून आलं, घोड्यावरून माणसावर. गंमत म्हणजे डोपिंग होतं पण त्यावर बंदीच नव्हती असा काळ होता, १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये थॉमस हिक्स मॅरेथॉन पळताना त्याच्या माणसांनी त्याला वाटेत स्ट्रिक्निन, म्हणजे थोडं घेतलं तर उत्तेजक ठरणारं विष, आणि ब्रँडी पाजली आणि त्याचं सुवर्णपदक टिकलं, कारण नियमच नव्हता. ॲथलेटिक्सच्या संघटनेने १९२८ मध्ये बंदी घातली, ऑलिंपिकमध्ये तपासणी १९६८ पासून, आणि त्यात सापडलेला पहिला खेळाडू स्वीडनचा हान्स-गुनार लिलियेनवाल, कशासाठी, तर पिस्तुलाच्या नेमबाजीआधी हात स्थिर राहावा म्हणून घेतलेल्या बिअरसाठी. मग १९८८ ला सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन, शंभर मीटर ९.७९ सेकंदांत, आणि पदक परत. डोपिंग रोखणारी जागतिक संस्था 'वाडा' १९९९ मध्ये झाली, भारतातली तशीच संस्था 'नाडा' २००५ मध्ये. खेळाच्या पुस्तकांत एक दुसरी व्युत्पत्ती पण सारखी येते, की दक्षिण आफ्रिकेत 'डॉप' नावाची द्राक्षाच्या सालींची दारू होती आणि झुलू योद्धे ती लढाईआधी प्यायचे, तिथून डोपिंग. ऐकायला छान आहे, पण शब्द डचमधून अमेरिकेत, अमेरिकेतून रेसकोर्सवर आणि तिथून खेळात असा प्रवास लिखाणात टप्प्याटप्प्याने सापडतो, मी त्याच बाजूचा.

मराठी पेपरांनी खेळातल्या डोपिंगला 'उत्तेजक सेवन' केलंय, चांगला शब्द आहे, फक्त तो खेळातच वापरायचा. कारण हॉस्पिटलच्या सीनमध्ये 'शी इज डोप्ड अप' आलं तर त्याचा अर्थ बरोबर उलटा, ती औषधांच्या गुंगीत आहे. एकच क्रियापद, खेळाडूच्या अंगात जोर आणतं आणि पेशंटला झोपवतं. कॉफी डोप केली म्हणजे त्यात गुंगीचं औषध कालवलं. घोडा डोप केला तर दोन्हीपैकी काहीही, जिंकवायला पण देतात आणि हरवायला पण, तिथे पुढचा सीन बघितल्याशिवाय लिहायचं नाही. आणि 'डोप टेस्ट' म्हणजे दरवेळी खेळाडूच असं पण नाही, पंजाबात २०१८ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांची डोप टेस्ट करायचं ठरलं ती नशेची तपासणी होती.

आता 'भारी'. हा अर्थ सगळ्यात तरुण, ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या समाजाच्या बोलीतून आणि न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमधून वर आला. वाईट शब्द घेऊन त्याचं कौतुक करायचं ही त्या बोलीची जुनी सवय, 'बॅड' म्हणजे चांगला, 'इल' आणि 'सिक' म्हणजे अफाट. यात आपल्याला नवल वाटायचं कारणच नाही, आपण 'खतरनाक गातो', 'जबरी आहे', 'राडा केलास', कोल्हापुरात 'नाद खुळा' म्हणतो तेव्हा हेच करतो. त्यामुळे या अर्थासाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही, उलट कुठला घ्यायचा हाच प्रश्न. बोलणारा कोण आहे ते बघा. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागातला रॅपर असेल तर 'कडक' बसतो. मध्यमवर्गीय घरातली पंधरा वर्षांची मुलगी असेल तर 'भारी'. तेच वाक्य पन्नाशीतला बाप पोरांसमोर तरुण दिसायला म्हणत असेल तर मुद्दाम 'डोप' तसाच ठेवा, कारण तो शब्द त्याच्या तोंडी शोभत नाही हाच तर तो सीन आहे.

काळाचा नियम इथे फार उपयोगी. गोष्ट १९८० च्या आधीची असेल तर 'भारी' हा अर्थ घ्यायचाच नाही, १९५५ चा नायक गाडी बघून 'डोप' म्हणत नाही.

डबिंगमध्ये आणखी एक गोष्ट येते. 'डोप' चा शेवट 'प' वर आहे, ओठ मिटतात, आणि क्लोजअप असेल तर ते मिटलेले ओठ पडद्यावर दिसतात. 'दॅट्स डोप' म्हणून पात्र ओठ मिटून थांबतं आणि आपण 'कडक' म्हणतो, तोंड उघडं पाहिजे तिथे मिटलेलं, कितीही चांगला आवाज असला तरी प्रेक्षकाला खटकतं, का खटकतं ते त्याला सांगता येत नाही. मग ओठ मिटवणारा शब्द शोधायचा. 'टॉप' आहे, 'एकदम टॉप'. त्याहून चांगला 'बाप'. 'बाप गाणं आहे', 'बाप माणूस', हे आपली पोरं म्हणतातच, आणि स्वरही ताणता येतो. पण 'बाप' एकटा शेवटी टाकला तर वडील वाटायची भीती, म्हणून 'काम बाप!' असं जोडीने घ्यायचं. मूर्खाच्या अर्थाला 'यू डोप' वर ओठ मिटवायचे असतील तर 'गप' बसतो बऱ्याचदा, सूरही तोच, लाडिक झिडकारणं. पाठमोरा शॉट असेल किंवा पात्र लांब असेल तर हे सगळं विसरा आणि सगळ्यात चांगला शब्द घ्या.

मध्येच एक, कारण हल्ली रोज कोणीतरी विचारतं. 'डोपामाइन' चा या डोपशी काही संबंध नाही. डायऑक्सिफेनिलअॅलानिन या लांबलचक रासायनिक नावातली अक्षरं उचलून 'डोपा' झाला आणि त्याला 'अमाइन' जोडलं. मेंदूला मजा देणारं रसायन आणि नशेचा शब्द सारखे वाटतात हा योगायोग. मानसशास्त्राच्या डॉक्युमेंटरीत 'नशेचं रसायन' असं भाषांतर करायचा मोह आवरा.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे रॅप, कारण तिथे गाणारा दोन अर्थ मुद्दाम एकाच शब्दात ठेवतो. 'माय फ्लो इज डोप' म्हणणारा सांगत असतो की माझं गाणं भारी आहे आणि ऐकणाऱ्याला त्याची नशा चढते, आणि कधी कधी हेही, की मी आधी जो माल विकायचो त्याच्या जागी आता हे विकतोय. 'डोप बॉय' हा तर सरळ माल विकणारा पोरगा आहे, 'भारी पोरगा' नाही, पण गाणारा तो अभिमानाने म्हणतो तेव्हा दुसरा अर्थही मागून वाजत असतो. इथे दोन्ही अर्थ हवेत तर 'माल' कडे बघा, कारण मराठीत हा शब्द दोन्हीकडे जातो, 'काय माल गाणं आहे' पोरं म्हणतात आणि गल्लीतला मालही मालच. 'माझं गाणं माल आहे' मध्ये बऱ्यापैकी दोन्ही येतं. फक्त बाईबद्दलची ओळ असेल तर तो शब्द हाताळू नका, तिथे त्याला वेगळा आणि घाणेरडा अर्थ आहे. 'चढतं' हे क्रियापद पण चांगलं आहे, 'माझं गाणं चढतं', दारू चढते, गांजा चढतो, आणि गाणंही चढतं. यमक जुळवायचं असेल तर 'चढतं' ला 'भिडतं', 'नडतं' असे कितीतरी जोडीदार मिळतात, 'माल' ला 'कमाल', 'धमाल', 'बवाल'. ओळीत कुठला शब्द शेवटी येतोय ते बघून यातलं निवडा, आणि एकाच गाण्यात डोप पाच वेळा आला म्हणून पाचही वेळा एकच शब्द टाकायची गरज नाही, रॅपर स्वतः पण दरवेळी तो वेगळ्या अर्थाने फिरवत असतो.